शेजारच्या खोलीतला जंतू

१

मेलेला जंतू पुन्हा जिवंत झाला आणि त्यापायी एका भल्या माणसाचे कान जायची वेळ आली.

हा माणूस पियानो जुळवायचा. लोकांच्या दिवाणखान्यात जायचं, पियानोचं झाकण उघडायचं, आत डोकं खुपसायचं आणि तारा पिळत बसायचं, यात त्याचं उभं आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना सूरवाले म्हणत. लहानपणी टोचलेल्या लसीचा जोर कधीच ओसरला होता, त्यामुळे शहरात घटसर्पाची साथ आली तेव्हा तिनं त्यांनाही गाठलं. विलगीकरण वॉर्डातल्या दोन नंबरच्या खोलीत त्यांची रवानगी झाली. पेनिसिलिननं काम चोख केलं. घशातला राखाडी पापुद्रा गेला, ताप उतरला, आणि म्हातारबुवा सिस्टरची थट्टा करण्याइतके ठणठणीत झाले.

नियम असा की घशाचे लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले की माणूस घरी जायला मोकळा. सूरवाल्यांचा पहिला नमुना स्वच्छ आला. दुसऱ्यात जंतू सापडला. त्याच्या पुढच्यातही, आणि त्याच्याही पुढच्यात. आणि हा जंतू पेनिसिलिनला भीक घालत नव्हता. पेनिसिलिन चालत नसेल तर एरिथ्रोमायसिन देतात, त्यालाही तो जुमानत नव्हता.

"आता एकच इंजेक्शन उरलंय," वॉर्डाचे मोठे डॉक्टर म्हणाले. "गोळ्या आहेत, पण त्यांच्या नेहमीच्या औषधाशी त्यांचं जमत नाही. आणि इंजेक्शनचं म्हणाल तर त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलीत. अशा माणसाला ते दिलं तर कान जाऊ शकतात. पियानोवाल्याचे कान! पण किती दिवस कोंडून ठेवू त्यांना? उद्यापासून सुरू करणार आहे."

हे ते सांगत होते मुख्य प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंना. बाई पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, केसांना रंग लावायचा कंटाळा केलेल्या. साथ कुठून कुठे गेली याचा माग जंतूंवरून काढणं हे त्यांचं काम. हाताखालची मंडळी त्यांना पाठीमागे जंतूकाकू म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"सूरवाल्यांना काय म्हणायचंय इंजेक्शनबद्दल?" जंतूकाकूंनी विचारलं.

"तेच तर! मी कानांचं स्पष्ट सांगितलं. तर म्हणाले, द्या खुशाल."

जंतूकाकूंच्या भुवया वर गेल्या. डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या मते हा सगळा सिस्टरचा हलगर्जीपणा. तीन नंबरमध्ये शिवणबाई आहेत, शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांचा जंतू पहिल्या दिवसापासून असाच दांडगा आहे. दोन्ही खोल्यांना सिस्टर एकच. तिच्या हातांनी तो इकडून तिकडे गेला. दुसरं काय असणार? मी तिला दुसऱ्या वॉर्डात हलवायला सांगितलंय."

"इंजेक्शन एक दिवस पुढे ढकला," जंतूकाकू म्हणाल्या.

"कशासाठी?"

"कान गेले की परत जुळवता येत नाहीत म्हणून."

२

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला लॅबवाला हा जन्माचा कुरकुऱ्या. जंतूकाकू आत शिरल्या तोच त्यानं तोफ डागली.

"नमुन्यांची अदलाबदल मी केली नाही. हेच विचारायला आला असाल, तर उत्तर मिळालं."

"मी चहा मिळेल का विचारायला आले होते," जंतूकाकू म्हणाल्या.

चहा आला. मग लॅबवाला जरा निवळला आणि त्यानं काचेच्या बशा मांडल्या. काळ्या ठिपक्यांची रांगोळी प्रत्येक बशीत उमटलेली, घटसर्पाचा जंतू या खाद्यावर असाच काळा वाढतो.

जंतूकाकूंनी आपल्या बॅगेतून जनुकांच्या छाननीचे कागद काढले. प्रत्येक जंतूच्या पोटात लाखो अक्षरांची एक ओळ असते. पिलावळ वाढताना ती ओळ पुन्हा पुन्हा उतरवली जाते आणि अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. त्या चुकांवरून कोण कुणाचा सख्खा आणि कोण चुलत हे सांगता येतं. सूरवाल्यांचा सुरुवातीचा जंतू आणि नंतरचा जंतू यांच्यात हजारो अक्षरांचा फरक होता. एकाचा दुसरा झाला, औषध पचवून शहाणा झाला, ही गोष्टच निकालात निघाली. या दोघांची खानदानंच वेगळी होती. पहिला जंतू पेनिसिलिननं मेला तो मेलाच. दुसरा बाहेरून आला होता, आणि तो शिवणबाईंच्या जंतूशी तंतोतंत जुळत होता.

इथपर्यंत मोठ्या डॉक्टरांचं बरोबर होतं. पुढची गंमत जंतूकाकूंनी गाडीत बसल्या बसल्या पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. मधल्या काळात शिवणबाईंच्या घशात जंतूचं एक अक्षर बदललं. त्याच दिवशी सूरवाल्यांच्या नमुन्यातही तेच अक्षर बदललेलं. पुढे आणखी एक बदललं, तर तेही दोन्हीकडे एकाच दिवशी. एका कुळातले दोघे दोन घरांत राहायला गेले की हळूहळू दोघांच्या तऱ्हा वेगळ्या होतात. हे मात्र पावलाला पाऊल लावून चालले होते.

"आणि आमच्या डोक्याला ताप म्हणजे ही बुरशी," लॅबवाला साध्या खाद्याच्या बशीवर टिचकी मारत म्हणाला. "म्हाताऱ्यांच्या नमुन्यात पहिल्यांदा नव्हती. आता दर वेळी असते. पांढरे पांढरे ठिपके. कवळी लावणाऱ्यांच्या तोंडात असते ना, ती. शिवणबाईंच्या बशीतही ढीगभर."

जंतूकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "सूरवाल्यांना कवळी आहे?"

"मला काय माहीत? मी घसे बघतो ते बशीत. माणसाची नि माझी भेट होतच नाही."

३

सिस्टर बदली झालेल्या वॉर्डात औषधं लावत होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"मी एका खोलीतून दुसरीत हात न धुता गेले असेन तर माझी नोकरी घ्या," ती म्हणाली. "आणि नमुना तर मी घेतही नाही, मॅडम. घशात काडी घातली की माणूस खोकतो आणि सगळं आमच्या तोंडावर. म्हणून पहिला नमुना आम्ही घेतो, पुढचे रुग्ण स्वतःच घेतात. मी दोघांना आपापली काडी आणि नळी देते, बाहेर येते, काचेतून बघते, आधी शिवणबाईंना, मग आजोबांना. झालं की समोर नळी बंद करून, नाव बघून सील लावते. शेवटचे नमुने तर मी थेट तुमच्याकडे पाठवले होते ना?"

"पाठवले होतेस. सील शाबूत होतं." म्हणजे लॅबवालाही सुटला. "काचेतून तुला काय दिसतं?"

"शिवणबाई काय, पलंगावर बसूनच घेतात. आजोबा आरशासमोर उभे राहतात. घसा दिसतो म्हणतात."

"म्हणजे तुझ्याकडे पाठ करून."

सिस्टरनं हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "हो. आणि वेळ लावतात. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, उबळ येत असेल."

तिथून जंतूकाकू मावशींकडे गेल्या. मावशी दोन्ही खोल्यांची झाडलोट करायच्या. जंतू, औषध यांतलं त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"अहो, ही एकच खोली होती आधी. मधे भिंत घातली आणि ते कपाट तसंच भिंतीत ठेवलं. इकडून दार, तिकडून दार. दोन्हीकडून कड्या. वापर शून्य, नुसती धूळ. आता बघा, धूळसुद्धा नसते हल्ली. मी पुसत नाही, तरी नसते!"

"कपाट कुठं आहे दोन नंबरमध्ये?"

"कुठं म्हणजे? आरशाच्या बाजूलाच की."

४

सूरवाल्यांनी जंतूकाकूंचं स्वागत घरी पाहुणा आल्यासारखं केलं. जंतूकाकू अंगरखा, मुखपट्टी, हातमोजे अशा जामानिम्यात होत्या. त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "या, बसा. अंतराळातून थेट इकडेच?"

उशाशी अक्रोडांची पुडी होती. बोलता बोलता त्यांनी एक अक्रोड दाढेखाली धरून कटकन फोडला.

"दात चांगले आहेत," जंतूकाकू म्हणाल्या.

"सगळे स्वतःचे. कान आणि दात, एवढीच माझी इस्टेट."

"मग त्यातले कान असे फुंकून का टाकताय?"

म्हातारबुवा टरफलं गोळा करत राहिले. "इलाज आहे का काही? डॉक्टर म्हणतात ते ऐकायचं."

"शेजारच्या शिवणबाईंना ओळखता?"

"छे. मधे भिंत आहे. दिसतंय काय पलीकडचं! गुणगुणतात कधी कधी, तेवढं ऐकू येतं." आणि मग, सुरांची गोष्ट निघाली म्हणून असेल, त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वरचा स्वर अजूनही जरा खालीच लावते."

जंतूकाकूंनी 'अजूनही' हा शब्द मनात ठेवून दिला आणि तो ऐकलाच नाही असं दाखवलं. त्यांनी पिशवीतून एक काडी काढली.

"आ करा. आज माझ्या समोर. आणि माझ्या हातानं."

सूरवाल्यांच्या हातातला अक्रोड खाली पडला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जंतूकाकूंनी सिस्टर आणि लॅबवाला दोघांनाही बोलावून घेतलं. लॅबवाल्यानं सूरवाल्यांची नवी बशी आणली होती. तिच्यावर काळा ठिपका औषधालासुद्धा नव्हता. बुरशीही नव्हती.

"माणूस केव्हाच बरा झालाय," जंतूकाकू म्हणाल्या. "आधीच्या सगळ्या नळ्यांत त्यांचा घसा नव्हताच."

"म्हणजे नळ्या बदलल्या," डॉक्टर सिस्टरकडे बघत म्हणाले.

"बदलल्या असत्या तर शिवणबाईंची नळी स्वच्छ निघायला हवी होती. ती कधीच निघाली नाही. दोन्ही नळ्या दर वेळी भरलेल्या, दोन्हीत एकच जंतू, त्याची बदललेली अक्षरंही एकच आणि दोन्हीत कवळीची बुरशी. सूरवाले अक्रोड दातांनी फोडतात. सिस्टरच्या हातून जंतू गेला असता तर तो त्यांच्या घशात रुजला असता, वेगळ्या वाटेनं बदलला असता आणि काल माझ्या काडीवरही आला असता. तेव्हा एकाच घशातून दोन काड्या फिरल्या. आणि शिवणबाईंच्या घशात दोनदा काडी घालू शकेल असं माणूस एकच आहे."

"शिवणबाई स्वतः!" सिस्टर पुटपुटली.

"आरशाशेजारी कपाट आहे, दोन दारांचं. कड्या दोन्हीकडून. म्हणजे उघडायला दोघांची मर्जी लागते. सिस्टर सूरवाल्यांची पाठ बघत असते तेव्हा त्यांची कोरी काडी तिकडे जाते आणि शिवणबाईंच्या घशातून फिरून परत येते."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण का? कुणी आजारी राहायचा हट्ट का धरेल?"

"पहिला नमुना स्वच्छ आल्यावर तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, अभिनंदन, आणखी एक आला की घरी."

"हो ना," जंतूकाकू म्हणाल्या. "तिथंच जंतू जिवंत झाला."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग ते सिस्टरकडे वळले आणि म्हणाले, "उद्यापासून परत आपल्या वॉर्डात या. माझं चुकलं." लॅबवाल्याला ही संधी सोडवेना. त्यानं आपलीही कुणीतरी माफी मागावी असा चेहरा केला, पण कुणी मागितली नाही.

६

सूरवाल्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पलंगावर हात मांडीत घेऊन ते बसले आणि बोलू लागले.

"एका गल्लीत वाढलो आम्ही. तिचं लग्न दुसरीकडे झालं. माझं झालंच नाही. कुणी विचारलं की पियानोंचं नाव सांगायचो, फार काम असतं म्हणायचो. इथं आलो त्या आठवड्यात पलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. तोच चुकलेला स्वर. मी भिंतीवर टकटक केली, बरोबर स्वर वाजवून दाखवल्यासारखी. पलीकडून शिवी आली, लहानपणीचीच." ते हसले. "मग कपाट. तिचा मुलगा परदेशातून आलाय. ती बरी झाली की घेऊन जाणार, कायमचं. मी तिचा कोण? बाहेर पडलो असतो तर काचेपाशीसुद्धा कुणी उभं केलं नसतं."

"त्या कपाटातून तुम्हाला खरोखर लागण झाली असती."

"झाली असती तर सुटलोच असतो की! चोरी तरी करावी लागली नसती."

"आणि कान?"

सूरवाल्यांनी तळवा भिंतीवर टेकवला. "टकटक हातालाही कळते, बाई. मी करून पाहिलंय. कानात कापूस घालून."

जंतूकाकूंना त्या क्षणी या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, अगदी उघडउघड हेवा. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. अजून दार उघडताना त्या आतून कुणी 'आलीस का?' म्हणेल म्हणून थांबत. एक भिंत आणि पलीकडे तो माणूस, एवढं मिळालं असतं तर त्यांनीही कुठल्याही तपासणीत खोटेपणा करायला मागेपुढे पाहिलं नसतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? त्या उठल्या आणि तीन नंबरमध्ये गेल्या.

शिवणबाई सडपातळ, ताठ पाठीच्या. कवळी पेल्यात काढून ठेवलेली, ती त्यांनी घाईघाईनं लावली. सगळं उघडकीला आलंय हे ऐकून त्यांनी फक्त मान हलवली.

"माझाच नाद त्याला लागला. आता त्याला घरी पाठवा."

"पाठवणारच. नाहीतर आज ते इंजेक्शन सुरू झालं असतं."

"कसलं इंजेक्शन?"

जंतूकाकू थबकल्या. बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, कानांचं, आणि सूरवाल्यांनी खुशाल द्या म्हटल्याचंही.

शिवणबाई पलंगावरून उठल्या. मग कपाटाकडे गेल्या, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि पलीकडच्या बंद दारावर मुठी आपटल्या. "मूर्खा!" त्या ओरडल्या. "अरे मूर्खा, मी काय गप्प राहून तुझे कान घेणार होते?" त्या तिथंच कपाटाला कपाळ टेकून रडल्या. त्यांना हात लावायला जंतूकाकूंना हातमोज्यांची मुभा होती, तेवढी त्यांनी वापरली.

७

सूरवाल्यांचा दुसरा नमुनाही स्वच्छ आला, हाही जंतूकाकूंच्या हातचा. सकाळी ते पिशवी घेऊन काचेबाहेरच्या बाकापाशी उभे होते आणि जायला वाट सापडत नसल्यासारखे घुटमळत होते. त्याच वेळी शिवणबाईंचा मुलगा काचेपाशी आला. चांगला माणूस, आईच्या काळजीनं ओढलेला. आतल्या-बाहेरच्यांना बोलायला काचेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या आवाजाचे फोन होते. त्यानं आपला उचलला.

"आई, गोळ्या लागू पडतायत म्हणे. पुढच्या महिन्यात निघू."

मोठे डॉक्टर फेरीला आले होते. ते म्हणाले, "गोळ्यांनी अशक्तपणा येतो. कुणीतरी आत सोबतीला राहिलेलं बरं. लस घेतलेलं हवं. सूरवाल्यांना आत्ताच टोचलीय आपण, पण..." ते अडखळले. "पण नियमानं घरचं माणूस लागतं."

जंतूकाकू एक पाऊल मागे सरल्या. इथून पुढचा भाग जंतूंचा नव्हता.

"मी राहतो," मुलगा म्हणाला.

"तू नको," आतून शिवणबाई म्हणाल्या. "ते राहतील."

"कोण ते?"

सूरवाल्यांनी मान खाली घातली आणि पिशवीचे बंद उगाच पिळायला घेतले. शिवणबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. त्यांनी आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका मोठा काढला.

"माझे. तुझे बाबा भेटायच्या आधीपासूनचे. तुझ्या बाबांशी मी प्रामाणिक राहिले, चांगला संसार केला, त्याला मी कमीपणा आणणार नाही. पण आता मी तुझ्याबरोबर येत नाहीये. मी यांच्याबरोबर राहणार आहे. आधी या खोलीत, मग जिथं असेल तिथं."

मुलगा आईकडे बघत राहिला, मग म्हाताऱ्याकडे.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस, आई?"

"तू विचारलंस का कधी?"

मुलानं डोळे पुसले, फोन खाली ठेवला आणि सूरवाल्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "अशी बाहेरची पिशवी आत चालते का?" त्यानं सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, चालत नाही, सामान इथंच ठेवा, माणसाला तेवढं सोडते. तिनं सूरवाल्यांना अंगरखा चढवला, मुखपट्टी बांधली आणि तीन नंबरचं दार उघडलं.